भारत-भूतान कर्ज : तीन ठिकाणचे आकडे आणि तिन्ही वेगळं सांगतात, कुणावर विश्वास ठेवू?

थिसिसग्रस्त

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, आज अडलोय म्हणून लिहितोय. एमएच्या प्रबंधाला विषय घेतलाय भारताने भूतानला दिलेलं कर्ज, १९७४च्या चुखा जलविद्युत प्रकल्पाच्या करारापासून आजपर्यंत, काळानुसार कसं बदललं. घेताना वाटलं छोटा देश, कर्ज देणारा मुख्य एकच, आकडे पटकन मिळतील. कसलं काय.

माझ्याकडे तीन फायली आहेत. एक आपल्या बजेटमधली, परराष्ट्र मंत्रालयाच्या खर्चाच्या मागणीत भूतानपुढे २०१६-१७ला ५,४९० कोटी होते आणि २०२५-२६ला २,१५० कोटी, म्हणजे निम्म्याहून खाली. दुसरी भूतानच्या अर्थ मंत्रालयाच्या सार्वजनिक कर्जाच्या अहवालातून काढलेली, तिथे भारताचं येणं वाढतच गेलंय. तिसरी जागतिक बँकेची, डॉलरमध्ये, तिच्यात वाढ दिसते पण अगदी मरगळलेली. तिन्ही एकाच एक्सेल शीटवर टाकले तर तीन रेषा तीन दिशांना पळतायत.

गाईड म्हणतात सगळं डॉलरमध्ये कर आणि एक स्वच्छ आलेख दे. देतो हो, पण कशाचा? आपण पैसे कमी देतोय तर त्यांचं कर्ज वाढतंय कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा, पंधरा दिवसांत पहिला ड्राफ्ट द्यायचाय.

खडूस_ऑडिटर

पहिलं म्हणजे तिन्ही फायली बरोबर आहेत, चुकीचा तुझा आलेख आहे. रागावू नकोस, मी पण नोकरीच्या पहिल्या वर्षी हेच केलं होतं.

बजेटचा आकडा म्हणजे एका वर्षात नळातून किती पाणी सोडणार त्याचा अंदाज. भूतानचा अहवाल सांगतो हौदात किती साठलंय. नळ बारीक केला तरी हौद भरतच राहतो, जोवर खालची तोटी त्याहून मोठी नाही तोवर. तोटी म्हणजे परतफेड. त्यामुळे "आपण कमी देतोय आणि त्यांचं वाढतंय" यात विरोध काहीच नाही. तुला जो प्रवाह पाहिजे तो म्हणजे त्या वर्षी प्रत्यक्ष उचललेलं कर्ज, वजा त्या वर्षी फेडलेलं मुद्दल. त्यातून व्याजही वजा केलंस की कळतं रोकड खरी कुठून कुठे गेली, आणि तिथे गंमत आहे, कारण ताला जलविद्युत प्रकल्पाचे हप्ते भूतान भारताला भरत होता आणि त्याच वर्षांत पुनात्सांगछूच्या नव्या प्रकल्पांसाठी भारत भूतानला नवीन कर्ज देत होता, एकाच रस्त्यावर दोन्हीकडून ट्रक.

दुसरं, ते ५,४९० कोटी सगळं कर्ज नाहीये!! त्यात अनुदान आणि कर्ज दोन्ही आहे. मागणीच्या तपशिलात भूतानचं कर्ज वेगळ्या ओळीत असतं, ती ओळ उचल. पंचवार्षिक योजनेची मदत तर पूर्णच वेगळी ठेव. १९६१ला त्यांची पहिली योजना सुरू झाली, ती आणि दुसरी भारताच्याच पैशावर झाली, आणि आताच्या तेराव्या योजनेला, २०२४ ते २९, आपण १०,००० कोटी कबूल केलेत. ते कर्जाच्या आलेखात घुसडलंस तर परीक्षक तिथेच पेन खाली ठेवेल.

तिसरं, बजेट अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन आकडे असतात, प्रत्यक्ष दोन वर्षांनी येतो. लोक सरसकट बजेट अंदाज उचलतात कारण तो वर्तमानपत्रात छापून येतो. तू प्रत्यक्ष घे.

चौथं, आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, भूतानचं जुलै ते जून, जागतिक बँकेचं जानेवारी ते डिसेंबर. मे महिन्यात गेलेला एक हप्ता तीन फायलींत तीन वेगळ्या कप्प्यांत पडू शकतो. एकेका वर्षाची तुलना करूच नकोस, तीन-तीन वर्षांची सरासरी घे.

डॉलरचं रात्री लिहितो, आत्ता मंथ-एंड आहे.

भटका_सिव्हिल

ऑडिटर साहेबांनी नळ आणि हौद छान सांगितलं पण एक गोष्ट राहिली, हौदात नळ पूर्ण बंद असतानाही पाणी वाढतं. मी पुनात्सांगछू-१वर कंत्राटदाराकडून दोन वर्षं होतो, कंपनीचं नाव नको, त्यामुळे आकड्यांपेक्षा जागेवरचं सांगतो.

वांगदू फोड्रांगच्या खाली नदीकाठाला आमच्या कॉलन्या होत्या, समोर बाजो गाव, दुपारी इतका वारा सुटायचा की नकाशा उलगडला की चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायला लागायचे. १,२०० मेगावॉटचा प्रकल्प, २००८ला काम सुरू झालं. २०१३च्या जुलैत धरणाच्या जागेचा उजवा डोंगर सरकला. तो एकदाच धाडकन पडला असता तर परवडलं असतं, तो सरकतच राहिला. रोज सकाळी सर्व्हेची पोरं रीडिंग घेऊन यायची आणि साहेब लोक चहा न पिता आधी तो कागद बघायचे. मग डोंगर वरून उतरवा, केबल टाका, खिळे मारा, परत मोजा. खर्च मूळ अंदाजे ३,५१५ कोटींचा होता तो ९,३७५ कोटींवर गेला. वीज मात्र शून्य. धरणाचं काम परत पुढे न्यायचं ठरलं ते २०२५ला.

आता तुझ्या प्रश्नाशी याचा संबंध असा, की प्रकल्प चालू होईपर्यंत भूतान हप्ता भरत नाही, पण व्याज थांबत नाही. ते बांधकाम काळातलं व्याज म्हणून साचतं. दर १० टक्के. समजा १,००० कोटी उचललेले असतील तर वर्षाला १०० कोटी नुसतं बसून वाढले. यातला एक रुपया दिल्लीहून कुठे गेलेला नसतो. भूतानच्या अहवालात हे साचलेलं व्याज कुठे आणि कसं धरलंय ते प्रकल्पवार तपास, तिथे तुझी रेषा वर जाण्याचं बरंचसं कारण सापडेल. तिसऱ्या वर्षी मी परत आलो, डोंगर अजून सरकतच होता.

थिसिसग्रस्त

बापरे. म्हणजे साठ्यातला फरक काढून मी "प्रवाह" म्हणत होतो त्यात हे व्याज पण प्रवाह म्हणून मोजलं गेलं. आख्खं तिसरं प्रकरण बाद :(

@भटका_सिव्हिल दादा, प्रत्येक प्रकल्पाच्या कर्जाच्या अटी सारख्याच होत्या का?

भटका_सिव्हिल

छे. तीच तर खरी गोष्ट आहे. चुखा, ३३६ मेगावॉट, १९८६-८८ला चालू झाला, ६० टक्के अनुदान ४० टक्के कर्ज, व्याज ५ टक्के. कुरिछू ६० मेगावॉट, तेच ६०:४०, पण व्याज १०.७५. ताला १,०२० मेगावॉट, २००६-०७ला चालू, परत ६०:४०, व्याज ९. मग पुनात्सांगछू-१ला गणित उलटलं, ४० अनुदान ६० कर्ज, व्याज १०. पुनात्सांगछू-२ आणि मांगदेछूला ३० अनुदान ७० कर्ज, व्याज १०. मांगदेछू ७२० मेगावॉटचा, २०१९ला सुरू झाला. पुनात्सांगछू-२ २०२५ला पूर्ण झाला, तोही १,०२० मेगावॉट.

साइटवरचे जुने भूतानी इंजिनियर चुख्याबद्दल बोलायचे ना, तर आपल्याकडे म्हातारे "आमच्या वेळी दोन आण्यात" म्हणतात तसा सूर असायचा.

उगाच_शंका

मी अर्थशास्त्रवाला नाही पण हे वाचून प्रश्न पडला, १० टक्के व्याज म्हणजे सावकारीच झाली की. चीनने श्रीलंकेला दिलं की आपण कर्जाचा सापळा म्हणून बोंबलतो आणि आपण शेजाऱ्याला १० टक्क्यांनी देतो ते मैत्री?

खडूस_ऑडिटर

शंका उगाच नाहीये. पण दर बघताना चलन बघायला पाहिजे. श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदराच्या पहिल्या टप्प्याचं चीनचं कर्ज ३० कोटी ७० लाख डॉलरचं, ६.३ टक्क्यांनी, आणि फेडायचं डॉलरमध्येच. श्रीलंकेचा रुपया घसरला की हप्ता आपोआप फुगतो, आणि बंदरातून डॉलर येतील तेव्हा येतील. भूतानचं कर्ज आपल्या रुपयात आहे, त्यांचं चलन न्गुल्ट्रम रुपयाला एकास एक बांधलेलं आहे, आणि वीज विकत घेणारा भारतच, तोही रुपयात. वर विजेचा दर खर्चावर आधारित ठरतो, म्हणजे व्याज धरूनच दर लागतो, मांगदेछूचा ४ रुपये १२ पैसे युनिट ठरला तो असाच. म्हणजे ते १० टक्के शेवटी बऱ्याच अंशी इकडच्या वीजबिलातून वसूल होतात. आयएमएफवाले भूतानचं कर्ज जीडीपीच्या शंभर टक्क्यांवर जाऊनही घाबरत नव्हते ते यामुळेच.

पण हे सगळं प्रकल्प चालू झाला तर! पुनात्सांगछू-१सारखा लटकला की वीज नाही, दर नाही, वसुली नाही, व्याज चालू. तिथे सावकारी शब्द मला फार खटकणार नाही.

आता डॉलरचं. गाईडना नम्रपणे सांग की रुपयात दिलेलं, रुपयात फिटणारं कर्ज डॉलरमध्ये मांडलं की आलेख कर्जाचा राहत नाही, रुपयाच्या घसरणीचा होतो. १,००० कोटी रुपये २०१०च्या शेवटी ४५ च्या भावाने साधारण २२ कोटी डॉलर. तेच १,००० कोटी, ना एक पैसा दिला ना घेतला, २०२४च्या शेवटी साडेपंच्याऐंशीने ११ कोटी ७० लाख डॉलर. म्हणून तुझी तिसरी रेषा मरगळलेली दिसते. त्यात जागतिक बँक साठा वर्षअखेरच्या भावाने बदलते आणि प्रवाह वर्षाच्या सरासरी भावाने, त्यामुळे त्यांच्याच दोन साठ्यांची वजाबाकी त्यांच्याच प्रवाहाशी जुळत नाही. जुळली नाही म्हणून रात्रभर जागू नकोस, ती जुळणारच नाही.

डॉलरची फाईल कधी वापरायची? भूतानचं भारताकडचं कर्ज आणि जपानकडचं किंवा एडीबीकडचं (आशियाई विकास बँक) शेजारी ठेवायचं असेल तेव्हा. तुझा विषय तो नाही.

गंगाजळी

बँकेत ट्रेझरीला होते, आता निवृत्त. एक मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहिते. "भारताने दिलेलं कर्ज" म्हणजे नक्की कुणी दिलेलं?

२०११-१२ साली भूतानमध्ये रुपयाचा दुष्काळ पडला होता. प्रकल्पांमुळे पैसा खेळायला लागला, गाड्या, सिमेंट, घरबांधणी, सगळं इकडून जाणार आणि रुपयात पैसे मागणार. त्यांच्या रॉयल मॉनेटरी अथॉरिटीने, म्हणजे मध्यवर्ती बँकेने, भारतीय सरकारी बँकांकडून, स्टेट बँक आणि पंजाब नॅशनल, ओव्हरड्राफ्ट घेतले होते, ते फेडायला डिसेंबर २०११मध्ये २० कोटी डॉलर परकीय चलनाच्या गंगाजळीतून विकले. पुढे २०१२च्या सुरुवातीला रुपया देण्यावर निर्बंध आले. त्याआधी भारत सरकारने २००९ला ३०० कोटींची सवलतीची पतमर्यादा दिलेली होती ५ टक्क्यांनी, ती वेगळी, आणि रिझर्व्ह बँकेची सार्क देशांसाठीची स्वॅप (चलनांच्या तात्पुरत्या अदलाबदलीची) योजना आली ती आणखी वेगळी.

आता बघ, ओव्हरड्राफ्ट हे सरकार-सरकार कर्ज नाही, पण देणारी बँक सरकारी. स्वॅप मध्यवर्ती बँकांमधला, मुदत महिन्यांची. यातलं परराष्ट्र मंत्रालयाच्या मागणीत स्वॅप किंवा ओव्हरड्राफ्ट तुला सापडणार नाही. पण त्या दोन वर्षांत भूतानला रुपया पुरवणारं खरं इंजिन हेच होतं. नुसती जलविद्युत कर्जं घेतलीस तर २०१२ तुझ्या आलेखात एक साधं वर्ष दिसेल, आणि सीमेवरच्या फुंत्शोलिंगच्या कुठल्याही दुकानदाराला विचार ते साधं होतं का.

भटका_सिव्हिल

+१. गंगाजळी ताई बरोबर बोलतायत. फुंत्शोलिंग आणि पलीकडचं आपलं जयगाव, मधे एक कमान. एरवी दोन्ही नोटा दोन्हीकडे चालायच्या, गल्ल्यात एकत्र. त्या दिवसांत जयगावचा दुकानदार न्गुल्ट्रम हातात घेऊन जरा वेळ बघायचा आणि म्हणायचा "रुपया नहीं है क्या?" आमच्या मेसवाल्याचा बटाटा त्याच रस्त्याने यायचा, त्याने एक आठवडा नुसती डाळ वाढली आणि कारण सांगितलं "करन्सी प्रॉब्लेम".

थिसिसग्रस्त

चार दिवस बसलो. अपडेट देतो, चुकलं तर झोडपा.

डॉलर काढून टाकले. वर्षवार रेषा पण बाजूला ठेवली आणि प्रकल्पवार गेलो. करताना लक्षात आलं की ताला आणि पुनात्सांगछू-२ दोन्ही १,०२० मेगावॉटचे आहेत, म्हणजे तुलना करायला आयते जुळे. तालाचा खर्च ४,१२६ कोटी, ४० टक्के कर्ज म्हणजे १,६५० कोटी. पुनात्सांगछू-२चा सुधारित खर्च ७,२९० कोटी, ७० टक्के कर्ज म्हणजे ५,१०३ कोटी. तेवढ्याच मेगावॉटसाठी कर्ज तिपटीहून जास्त. डॉलरमध्ये केलं असतं तर, तालाला ४५चा भाव आणि याला ७०चा धरून, ही तिप्पट नुसती दुप्पट दिसली असती.

मग वाढ फोडून बघितली. पुनात्सांगछू-२ला पण जुनं ६०:४० ठेवलं असतं तर कर्ज झालं असतं २,९१६ कोटी. म्हणजे ३,४५३ कोटींच्या एकूण वाढीत खर्च वाढल्यामुळे १,२६६ आणि नुसतं प्रमाण ४०चं ७० केल्यामुळे २,१८७ कोटी. मी इतके दिवस भूगर्भशास्त्र आणि महागाई यावर पानं भरत होतो आणि मुख्य कारण करारातली एक ओळ निघाली. बांधकाम काळातलं व्याज यात धरलेलं नाही, ते वेगळ्या रकान्यात.

प्रश्न उरला महागाईचा. हे सगळं चालू किमतीत आहे. कुठला निर्देशांक लावू, भारताचा की भूतानचा?

खडूस_ऑडिटर

शाब्बास रे. आता हा प्रबंध वाटतोय.

निर्देशांक भारताचा, कारण पैसा भारताच्या रुपयात आणि सिमेंट, स्टील, यंत्रं, इंजिनियर बहुतेक इकडूनच गेले. ग्राहक किंमत निर्देशांक लावू नकोस, धरण कांदा-बटाट्याचं होत नाही (मेसवाल्याचा अपवाद सोडून). घाऊक लाव. आणि लावलास की तुझा मुद्दा आणखी धारदार होईल, कारण मधल्या वर्षांतली महागाई धरली तर ४,१२६चे ७,२९० झाले ही वाढ जवळपास तिथेच विरघळते. उरतं प्रमाण आणि व्याजाचा दर. भूतानच्या बाजूने ओझं बघायचं असेल तर मात्र त्यांच्या जीडीपीशी गुणोत्तर काढ, तिथे निर्देशांक लागतच नाही.

एक धोक्याची सूचना, दोन प्रकल्पांवरून "धोरण बदललं" असं ठणकावून लिहू नकोस. मांगदेछू ३०:७०, पुनात्सांगछू-१ ४०:६०, हे शेजारी ठेव म्हणजे जुळ्यांपुरतं राहणार नाही.

परतफेडीचा रकाना पण विसरू नकोस. चुख्याला १५ वर्षं होती, तालाला १२ समान वार्षिक हप्ते. मुदत कमी, दर जास्त, रक्कम मोठी, तिन्ही एकत्र आल्यावर वर्षाचा हप्ता किती चढला ते बघ. मूळ रकमेपेक्षा तो जास्त बोलतो.

उगाच_शंका

मग अनुदान कमी का केलं आपण? खजिना रिकामा झाला होता का?

गंगाजळी

असं एका कारणावर नाही बोट ठेवता येणार. पण चुख्याच्या वेळी भूतानकडे फेडायला काही नव्हतं आणि आपल्याला पण शेजाऱ्याला उभं करायचं होतं. तालानंतर वीजनिर्यात हे त्यांचं सगळ्यात मोठं उत्पन्न झालं, वर एकदम हजार-हजार मेगावॉटचे प्रकल्प रांगेत. मोठी रक्कम आणि फेडू शकणारा ऋणको, कुठलीही बँक अशा वेळी फुकट द्यायचं कमी करते. सरकारं पण तसंच वागतात, फक्त पत्रकात मैत्री लिहितात.

थिसिसग्रस्त

शेवटचा प्रश्न, मग सोडतो तुम्हाला. खोलोंगछू, म्हणजे आताचं खोर्लोछू, ६०० मेगावॉट, हे कुठे टाकू? आधी सरकारी कंपन्यांचा संयुक्त उपक्रम होता, ते फिसकटलं आणि आता मुंबईची टाटा पॉवर ४० टक्के भागीदार आहे भूतानच्या सरकारी वीजकंपनी ड्रुक ग्रीनसोबत. परराष्ट्र मंत्रालयाच्या कर्जाच्या ओळीत हे येणार नाही. पण पैसा तर भारतातूनच जाणार.

खडूस_ऑडिटर

वेगळ्या रंगात टाक आणि कर्ज म्हणू नकोस. टाटांचं भागभांडवल ही गुंतवणूक आहे, प्रकल्प कर्ज घेईल ते कंपनीचं. पण वगळू पण नकोस, नाहीतर तुझा आलेख २०२०नंतर खाली येईल आणि लोक म्हणतील भारताने हात आखडता घेतला, जेव्हा पैसा फक्त दुसऱ्या दाराने जातोय. दगाछू आठवतंय का, १२६ मेगावॉट, तिथे टाटा पॉवर २६ टक्के आधीपासून आहे. म्हणजे हे दार नवीन नाही, किलकिलं होतं ते उघडलंय.

भटका_सिव्हिल

शीट इथेच चढव रे, मला पुनात्सांगछू-१ची ओळ बघायची आहे. २०१३नंतरचं साचलेलं व्याज कितव्या रकान्यात ठेवलंयस?

थिसिसग्रस्त

एच रकाना दादा, लाल रंगात. पण पुनात्सांगछू-१पुढे "परतफेड सुरू" या जागी काय लिहू कळेना, सध्या प्रश्नचिन्ह टाकलंय. शीट व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलीये.